आम्ही आहे

निघायच्या आधी लरीसा पेत्रोव्हनानं मला बसायला लावलं. बाहेर बॉम्बचं धडाधड चाललेलं, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या, खाली रस्त्यावरून माझ्या बॅचची पोरं "प्रणिता, चल की गं, मरायचंय काय?" म्हणून ओरडतायत, आणि ही बाई म्हणते, बस. लांबच्या प्रवासाला निघताना क्षणभर गप्प बसायचं, ही त्यांच्याकडची रीत. जाणाऱ्यानंही बसायचं आणि राहणाऱ्यानंही. आमच्या निपाणीत हातावर दही देतात, तसंच हे. पाठीवरची सॅक न काढता मी पलंगाच्या कडेला टेकले. ती समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. मग उठली आणि म्हणाली, "जा आता." मिठी नाही की डोळ्यांत पाणी नाही. इतिहासाची मास्तरीण होती ती. तास संपल्यावर वर्ग सोडावा, तसं तिनं मला सोडलं.

खारकीव्हहून माझ्याबरोबर निघालेल्या सगळ्यांसाठी, आणि निपाणीतून कधीच न निघालेल्यांसाठीही, हे मी बेंगळुरातल्या खोलीत बसून लिहितेय. मी घरातून दोनदा निघाले. पहिल्यांदा डॉक्टर व्हायला निघाले, दुसऱ्यांदा भांडून. दोन्ही वेळा मी काय मागे ठेवून आले, ते मला अलीकडे अलीकडे कळायला लागलंय.

इथं मेडिकलला सीट मिळाली नाही म्हणून मी युक्रेनला गेले, हे तुम्हाला माहीतच आहे. होस्टेलच्या जेवणाला आणि भांडणांना कंटाळून तिसऱ्या वर्षी लरीसा पेत्रोव्हनाकडं खोली घेतली. ती एकटी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ स्लावा, तो सीमेपलीकडं बेल्गोरोदला, म्हणजे रशियात. निपाणी-बेळगाव जितकं लांब, साधारण तितकंच ते. पूर्वी तो दर रविवारी यायचा म्हणे, काकड्यांच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन. पुढं दोन्ही देशांत बिनसलं, तपासणी वाढली, आणि बरण्या कमी झाल्या. मी राहायला गेल्यावर तो एकदाच आला. जाडजूड, हसरा माणूस. मला म्हणाला, "इंडिया! आपले जुने दोस्त!" आणि माझ्या ताटात दोन काकड्या जास्तच वाढल्या.

दोघंही रशियनच बोलायची. हे मुद्दाम सांगते, कारण इथं कुणाला खरं वाटत नाही. लरीसा पेत्रोव्हना स्वप्नंसुद्धा रशियनमध्ये बघायची, आणि कोण म्हणून विचारलं तर म्हणायची, युक्रेनियन. मला सुरुवातीला ते जमेचना. आमच्या घरात भाषा आणि माणूस एकच. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नपत्रिकांचा छापखाना चालवतात. गिऱ्हाईक 'शुभाशिर्वाद' लिहून आणतं, आप्पा शि दीर्घ करून छापतात आणि वर त्याला ऐकवतात. त्यांचे वडील सीमाभागाच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. आप्पांनी आयुष्यभर मोर्च्यांची पत्रकं छापली, नोव्हेंबरच्या एक तारखेला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधली. निपाणी कर्नाटकात गेली हे त्यांनी कागदावर मान्य केलं असेल, मनात कधीच केलं नाही. त्यांचं एक वाक्य होतं, जेवताना, प्रूफ वाचताना, कधीही यायचं: "जिथं आपली भाषा, तो आपला मुलूख." मी ते वरणभाताबरोबर गिळून मोठी झाले.

संध्याकाळी लरीसा पेत्रोव्हना स्वयंपाकघरात चहा करायची आणि आम्ही एकमेकींना भाषा शिकवायचो. ती माझी रशियन सुधारायची, मी तिला गंमत म्हणून मराठी सांगायचे. तिला सगळ्यात जास्त हसू यायचं ते 'आहे'चं. रशियनमध्ये 'मी घरी' म्हटलं की झालं, 'आहे' लावत नाहीत. "चहा आहे, घर आहे, मांजर आहे," ती बोटांवर मोजत म्हणायची, "असेल तर दिसतंच की! तुम्हाला सारखं सांगावं का लागतं?" मी म्हटलं, आमच्यात खात्री करून घ्यायची सवय आहे.

दुसरी गंमत 'आम्ही'ची. रशियनमध्ये 'आम्ही'ला 'म्यी' म्हणतात, आपल्या 'मी'चा सख्खा भाऊ शोभेल असा. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही माणसं सारखं मी-मी काय करतायत! तिनं विचारलं, मराठीत 'म्यी' कसं म्हणतात? मी म्हटलं, कुठलं? आमच्याकडं दोन आहेत. समोरच्याला वगळून असेल तर 'आम्ही', समोरच्याला धरून असेल तर 'आपण'. आम्ही जेवलो म्हणजे तू राहिलीस. आपण जेवलो म्हणजे तूही जेवलीस. तिनं कप खाली ठेवला. दोन्ही शब्द परत परत म्हणून घेतले. मग म्हणाली, "आमच्याकडं एकच आहे. मॉस्कोतून कुणी 'म्यी' म्हणालं, की मला जन्मभर कळलं नाही, त्यात मला धरलंय की नाही. आणि धरलं असेल, तर मला विचारलं होतं का?"

तिनं शाळेत आधी सोव्हिएत पुस्तक शिकवलं, मग युक्रेनचं. "पुस्तक बदललं, खडू तोच राहिला," म्हणायची. जुन्या पुस्तकात मॉस्कोच्या राजांबद्दल एक ठरलेला शब्द होता, त्यांनी रशियाच्या जमिनी 'गोळा केल्या'. ती चिडायची. "जंगलात अळंबी गोळा करतात. तिथं माणसं राहत होती!" असं गोळा करत करत ते पार दुसऱ्या समुद्रापर्यंत गेले, आणि जे जे हाती लागलं ते पहिल्यापासून आपलंच होतं असं म्हणत गेले. युक्रेनला त्यांच्या बादशाहीत 'छोटा रशिया' म्हणायचे, लाडानं. सोव्हिएत काळात 'धाकटा भाऊ' झाला, तेही लाडानंच. "लाड फार," ती म्हणायची. तिच्या आजीनं याच लाडांच्या काळात गावात भुकेनं माणसं मरताना पाहिली होती. त्याबद्दल ती जास्त बोलायची नाही, पण ब्रेडचा चुरा टाकून दिलेला तिला चालत नसे.

मी तेव्हा मनातल्या मनात आमचं चौथीचं पुस्तक आठवत होते. त्यात 'मुलूखगिरी' असा शब्द होता आणि तो वाचताना छाती फुगायची. मुलूखगिरी ज्यांच्या मुलखात झाली ती माणसं कुठल्या पुस्तकात काय वाचत असतील, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि आपण तरी कशाला विचारतोय?

मग फेब्रुवारी संपता संपता लढाई सुरू झाली. आम्ही इमारतीच्या तळघरात राहायला गेलो. पाइपांच्या कडेनं गाद्या, बादल्या, शेजाऱ्यांची म्हातारी कुत्री. तिथं फोनला एकाच कोपऱ्यात रेंज यायची. एका दुपारी स्लावाचा फोन आला. लरीसा पेत्रोव्हनाला कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर चालू असायचा. तो विचारत होता, "नाशी पोचले का?" नाशी म्हणजे आपले. आपली माणसं. ती म्हणाली, "कुठले आपले?" तो म्हणाला, "घाबरू नको, तुम्हाला काही करणार नाहीत, ते तुम्हाला सोडवायला आलेत." वर काहीतरी फुटलं, मातीचा थर आमच्या डोक्यांवर पडला. तिनं फोन वर धरला, "ऐकलंस?" तो म्हणाला, ते तुमचेच लोक तुमच्यावर टाकतायत. टीव्हीवर दाखवलंय. आणि मग, अगदी मायेनं, समजूत काढत तो म्हणाला, "लारा, जिथं आपली भाषा, तो आपलाच मुलूख गं."

शब्द रशियन होते, पण वाक्य आमच्या जेवणाच्या पाटावरचं होतं. मला आप्पांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

लरीसा पेत्रोव्हनानं फोन छातीशी धरला आणि मला विचारलं, "तुमचा तो शब्द कुठला? ज्यात तो नाही, तो." मी म्हटलं, "आम्ही." तिनं फोन कानाला लावला, त्याला म्हणाली, "स्लावा, आम्ही," आणि बंद केला. त्याला काय कळलं असेल, देव जाणे.

मी तिला माझ्याबरोबर चल म्हणून किती विनवलं. मांजर आहे म्हणाली, गुडघे आहेत म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, "मी गेले तर स्लावाचं खरं होईल. मग इथं कुणी नव्हतंच म्हणतील. मोकळीच जमीन होती, गोळा केली." मी बसले, उठले, आणि निघाले.

स्टेशनवरच्या हालांबद्दल मी पुन्हा लिहीत नाही, बरोबर निघालेले तुम्ही तिथं होताच. एवढंच आठवतं, की डब्याच्या दारात उभा असलेला माणूस आम्हाला काठीनं मागं ढकलत ओरडत होता, आधी नाशी, आधी नाशी. स्लावाच्या तोंडी जे 'आपले' होतं, तेच या माणसाच्या तोंडी 'आमचे' झालं होतं. शब्द एकच. त्याचाही मला राग नाही, त्याच्या मागं त्यांची लेकरं रडत होती. पण तेव्हापासून हा शब्द कुठल्याही भाषेत आला, की माझा हात सॅकच्या पट्ट्याकडं जातो.

निपाणीत माझा सत्कार झाला. हार, शाल, नारळ, जणू काही मी काहीतरी जिंकून आले होते. चार दिवसांनी छापखान्यात आप्पांची मित्रमंडळी चहाला जमली. त्यातले एक काका, लहानपणी मला खांद्यावर घेऊन मोर्च्यात फिरवणारे, बशीतला चहा फुंकत म्हणाले, "काही म्हणा, रशियाचा तो माणूस खमक्या आहे. भाषा एक, लोक एक, मग घेतला मुलूख तर चुकलं काय? आपल्याला असा एखादा मिळाला असता, तर निपाणी केव्हाच सुटली असती." बाकीचे हसले. आप्पा हसले नाहीत, पण मानही हलली नाही, ना होकाराला ना नकाराला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आप्पा, तुमचं वाक्य मी तळघरात ऐकलंय. रशियनमध्ये. वरून माती पडत होती तेव्हा." आप्पांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते म्हणाले, "आमच्या हातात काळी फीत आहे. रणगाडा नाही." मी म्हटलं, "वाक्य तेच आहे." ते म्हणाले, "वाक्य तेच असलं म्हणून माणसं तीच होतात काय? ते न विचारता घुसले. आणि आम्ही इतकी वर्षं ओरडतोय, की आम्हाला विचारा, विचारा, विचारा! तुला यातला फरक कळत नसेल, तर तुला शिकवलं काय आम्ही?"

ते खरं बोलत होते, हे आज मला कळतं. विचारा म्हणणारा आणि न विचारता घुसणारा एक नव्हे. पण मीही खरंच बोलत होते. विचारा म्हणणाऱ्यांच्या चहात तो दुसरा किती सहज विरघळला, ते मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही दोघांनी त्यानंतर तोंडं फिरवली. शिक्षण अर्धंच राहिलेलं, इथल्या कॉलेजात पुढं प्रवेश मिळेना. एका मैत्रिणीनं बेंगळुरात नोकरी बघून दिली. आप्पा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "पुणं होतं, मुंबई होती. नेमकं बेंगळूरच सापडलं?" जिथून निघालेल्या हुकमांविरुद्ध दोन पिढ्या भांडल्या, त्या गावी मुलगी पोटासाठी निघालेली. बसस्टँडवर ते आले खरे. सॅक वर टाकली, खिडकीखाली उभे राहिले, गाडी हलली तरी एक शब्द बोलले नाहीत. आई रडत होती. मला वाटलं, त्यांना म्हणावं, जरा बसा, ती रीत आहे. पण गाडी निघाली होती.

माझं ऑफिस महादेवपुऱ्यात आहे. काचेची इमारत, आत नेहमी गार. दूरदेशातल्या दवाखान्यांची कागदपत्रं येतात, त्यातल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला एक ठरलेला कोड द्यायचा. मेडिकल कोडिंग. अर्ध्यावर सुटलेल्या डॉक्टरांची इथं चांगला खप आहे. टीममध्ये हिंदी, मॅनेजरशी इंग्लिश, कँटीनमध्ये तोडकंमोडकं कन्नड. स्फोटानं झालेल्या जखमेलासुद्धा वेगळा कोड असतो. तो पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा मी ब्रेक घेऊन बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. आता घेत नाही.

राहते चिकपेटच्या मागच्या गल्लीत, गिरिजाक्कांकडं, वरच्या खोलीत. त्यांचं साड्यांचं जुनं दुकान आहे, घर मराठी. कसलं मराठी म्हणा! "ऊट झालं का गं? नाही? स्वल्प चित्रान्न आहे, घेऊन जा. सरी, भांडं परत आण." ऊट म्हणजे जेवण, चित्रान्न म्हणजे लिंबूभात, सरी म्हणजे बरं. यांचे पूर्वज चारेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर आले आणि इथंच राहिले. म्हणजे ही आमच्या चौथीच्या पुस्तकातली मुलूखगिरी. ती आता माझ्यासमोर ओटीवर बसून कढीपत्ता निवडत होती. मी आल्या आल्या, आप्पांचीच मुलगी ना, विचारलं, "अक्का, तुम्ही स्वतःला कोण समजता? मराठी की कन्नड?" त्या म्हणाल्या, "मी? मी चिकपेटची." वर हसल्या, "घ्यायला आले होते म्हणे आमचे लोक हे गाव. गावानंच ठेवून घेतलं की!" त्यांच्या हसण्यात कसलाही ओरखडा नव्हता. चारशे वर्षांनी असं हसता येत असेल, तर मधल्या वर्षांचा हिशेब कोण देणार, असं मला वाटत राहिलं.

या शहरात 'नम्म' फार आहे. नम्म म्हणजे आमचं किंवा आपलं, कन्नडमध्येही तो फरक नाही. मेट्रोच्या नावात नम्म, टी-शर्टवर नम्म. सुरुवातीला पाटी दिसली तरी मी नजर फिरवायचे. एकदा रिक्षावाल्यानं ऊर विचारला, गाव कुठलं. मी घाबरतच निपाणी म्हटलं. आता हा भाषेवरून काहीतरी ऐकवणार, अशी माझी खात्री. तो हुबळीकडचा निघाला. मागं वळून म्हणाला, "हंगंद्र नम्मवरे बिड्री!" म्हणजे मग तुम्ही आमच्यातल्याच की! त्यानं खुशीत म्हटलं, आणि मी सॅक छातीशी धरून बसले, उतरेपर्यंत. त्या भल्या माणसाला काय माहीत!

लरीसा पेत्रोव्हना रोज सकाळी मला दोन शब्द पाठवायची. रशियन अक्षरांत लिहिलेलं मराठी: आम्ही आहे. बाकी काही नाही. कधी वीज नसायची, मग दुपारी यायचं. 'आम्ही आहोत' हवं, हे मला कळत होतं, पण मी तिला 'आहोत' शिकवलंच नव्हतं. तिनं आपल्याजवळ होतं त्यातूनच जुळवलं. मी उलट लिहायचे, "चहा आहे?" ती लिहायची, "आहे." खाली गिरिजाक्का रोज जिन्याखालून विचारायच्या, "आलं का गं तुझ्या अज्जीचं?" मी म्हणायचे, आलं. मग त्या कुकर लावायच्या.

हे आईकरवी आप्पांच्या कानावर गेलं. एका रविवारी त्यांनीच फोन घेतला. आमचं बोलणं सुरू झालं ते असं: "आहोत. आम्ही आहोत. आहे नव्हे. त्या बाईला कळव." मी म्हटलं, "नाही कळवणार." ते म्हणाले, "चुकीचं मराठी रोज वापरायचं म्हणजे..." मी म्हटलं, "आप्पा, तिच्या देशाच्या भाषेतली, युक्रेनियनमधली, पुस्तकं छापायला रशियाच्या एका बादशहानं बंदी घातली होती. अशी भाषाच नाही, म्हणाले होते." मागं छापखान्यातलं यंत्र बंद केलेलं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "छापायला बंदी? आख्ख्या भाषेला?" मी म्हटलं, हो. "मग छापणारे काय करायचे?" मी म्हटलं, पलीकडच्या राज्यात छापून चोरून आणायचे. "बरं," ते म्हणाले, "राहू दे तिचं आहे." पुढं ते दर रविवारी विचारायला लागले, ती बरी आहे का, मांजर आहे का. खमक्यावाल्या काकांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मग एका सकाळी काही आलं नाही. वीज गेली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या शहरावर मोठे बॉम्ब पडल्याच्या बातम्या होत्या, पण तशा त्या रोजच असायच्या. मी पाठवलेल्या मेसेजसमोर एकच खूण राहिली. शेजाऱ्यांचे नंबर लागेनात. इमारतीचं नाव घालून शोधलं, तर एक फोटो सापडला, आणि त्यात आमचा जिना आभाळाखाली उघडा पडलेला दिसत होता. स्वयंपाकघराची बाजू नव्हतीच. गिरिजाक्का जिन्याखाली आल्या, माझं तोंड बघितलं आणि न विचारताच परत गेल्या.

खात्रीनं सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याला फोन करायची माझी इच्छा नव्हती. तरी केला. स्लावाचा आवाज म्हातारा झाला होता. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "इंडिया." जुने दोस्त वगैरे काही नाही. सापडली, म्हणाला. म्हणजे ओळख पटली. सीमा बंद, त्याला जाता आलं नाही, तिच्या शाळेतल्या कुणीतरी पुरलं. बॉम्ब कुणाचा, हे त्यानं या वेळी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला त्याला ओरबाडायचं होतं. मी वाक्यं तयार ठेवली होती. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुला एक विचारू? ती मला रोज सकाळी एक शब्द पाठवायची. मी किती लिहायचो, इकडं ये, भांडण सोड. उत्तर फक्त तेवढंच. आमी. हा तुमचा शब्द ना? त्याचा अर्थ काय?"

मला तळघराचा तो कोपरा आठवला. ज्यात तो नाही, तो शब्द. मी पहिल्यांदा विचार केला की सांगावं, नीट फोड करून सांगावं: आम्ही आणि आपण. त्याला ते कळलं असतं, मास्तरणीचाच भाऊ. पण त्याच्या भाषेत सांगायला माझ्याकडं शब्दच एक होता. मी म्हटलं, "म्यी."

तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. "म्यी," म्हणाला. "हो. म्यी. ती मला रोज तेच लिहीत होती? म्यी?" त्यानं स्वतःला त्यात धरलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. मी खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्यानं चुकीचं ऐकलं नव्हतं. ती भाषाच तशी आहे. पण लरीसा पेत्रोव्हनानं मरेपर्यंत रोज सकाळी जे एक दार बंद करून घेतलं होतं, ते माझ्या एका शब्दानं उघडलं गेलं, आणि तो आत येऊन बसला. न विचारता. या एका गोष्टीसाठी मला आजही झोप लागत नाही, आणि दुसरं काय म्हणायला हवं होतं तेही सुचत नाही.

आईला फोन करून सांगितलं. मागून आप्पा म्हणाले, "काय झालं?" आई म्हणाली, "ती बाई गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी आवरून मेट्रोला निघणार, एवढ्यात फोन वाजला. आप्पांचा मेसेज. ज्या माणसानं दुसऱ्याच्या लग्नातला एक ऱ्हस्व कधी माफ केला नाही, त्यानं लिहिलं होतं: आम्ही आहे.

मी निघता निघता पलंगाच्या कडेला बसले. चूक बघत राहिले. 'आम्ही' म्हणजे ते आणि आई, निपाणी, छापखाना, आणि त्यात मी नाही, हेही मला दिसत होतं. मी 'आपण' लिहायला घेतलं आणि खोडलं. मला त्यात कुणी न विचारता घेऊ नये, आणि मीही न विचारता शिरू नये. आप्पा तिकडं आहेत, एवढं तेव्हापासून मला रोज सकाळी कळतं. माझं घर आता तेवढंच आहे. त्या सकाळी मी उलट लिहिलं, "चहा आहे?"

"आहे," आप्पांचं उत्तर आलं.

खालून गिरिजाक्कांनी, कितीतरी दिवसांनी, भीत भीत हाक मारली, "आलं का गं?"

"आलं, अक्का," मी म्हटलं, आणि त्यांनी कुकर लावला.